किमान सात वर्षं

"पण ही बाई कोण?" वहिनींनी दादांच्या कानाशी लागून विचारलं. "आपल्या खटल्यात बाई कुठून आली?"

"गप्प बस जरा. नंतर सांगतो," दादा म्हणाले. कळलं त्यांनाही नव्हतं, पण ते कबूल करायचं म्हणजे दादांच्या जिवावर यायचं.

सकाळपासून त्या उंच छताच्या दालनात पाच न्यायमूर्ती एका बाईबद्दल बोलत होते. बाईचे वडील वारले होते. त्यांच्या कपाटात कपड्यांखाली तिला एक जुनं पिस्तूल सापडलं. घाबरून तिने ते पिशवीत घातलं आणि पोलीस चौकीत जमा करायला निघाली. वाटेत तिची झडती झाली.

"तुमच्या या कायद्याप्रमाणे या बाईला शिक्षा किती?" मधल्या खुर्चीतल्या मुख्य न्यायमूर्तींनी विचारलं. वयाने ते इतके थकलेले होते की बोलायच्या आधी श्वास गोळा करायचे.

सरकारी वकिलाने पाण्याचा घोट घेतला. "सात वर्षं, माय लॉर्ड."

"कमीत कमी?"

"कमीत कमी."

"बाईच्या मनात काही काळंबेरं नव्हतं याची न्यायाधीशाला खात्री पटली, तरी?"

"कायद्यात तशी सोय नाही, माय लॉर्ड. पण अशी कोणी बाई प्रत्यक्षात पकडली गेलेली नाही."

"अजून," म्हातारे न्यायमूर्ती म्हणाले.

तेव्हा कुठे वहिनींच्या डोक्यात प्रकाश पडला. बाई नव्हतीच. कुठेच नव्हती. भिंतभर पुस्तकं पाठीशी घेऊन बसलेली ही पाच मोठी माणसं एका नसलेल्या बाईसाठी सकाळपासून डोकं शिणवत होती. तिने पिशवी कुठल्या हातात धरली असेल, इथपर्यंत त्यांची चौकशी चालली होती. वहिनींच्या अंगावर काटा आला. देवळात गेल्यावर सुद्धा त्यांना असं कधी झालं नव्हतं, आणि हे त्यांना लगेच पाप वाटलं.

आणि मग राग आला. कारण त्यांचा मुलगा होता. हाडामांसाचा होता, याच इमारतीच्या तळघरात कोठडीत बसलेला होता, आणि चार वर्षांपूर्वी त्याचा निकाल लागला तेव्हा त्याच्यासाठी कोणी एवढा विचार केला नव्हता.

घराण्याचा धंदा तिजोऱ्या उघडण्याचा. किल्ली हरवली, मालक गेला, आकडे विसरले, की लोक दादांच्या दुकानात यायचे. दादांच्या वडिलांनी घालून दिलेला एकच नियम होता. तिजोरीत जे निघेल ते कापडात बांधायचं, मालकाच्या हातात नेऊन द्यायचं आणि कुणापाशी वाच्यता करायची नाही. या नियमावर तीन पिढ्यांची चूल पेटली होती. धाकटा मुलगा तिजोरीच्या चकतीला कान लावून काम करताना गुणगुणायचा, म्हणून सगळे त्याला भुंगा म्हणायचे. भुंग्याने वारलेल्या मालकाच्या रिकाम्या घरातली तिजोरी त्याच्या मुलीच्या सांगण्यावरून उघडली, तिच्यात रिव्हॉल्व्हर आणि गोळ्यांची डबी निघाली. दुसरा कोणीही असता तर त्याने पोलिसांना फोन केला असता. भुंग्याने ते कापडात बांधलं आणि स्कूटरवरून मालकाच्या मुलीकडे निघाला. पुलावर नाकाबंदी होती.

खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाने त्याच्या शब्दन् शब्दावर विश्वास ठेवला. मालकाच्या मुलीने साक्ष दिली, तिच्यावरही ठेवला. मग चष्मा काढला, "माझे हात बांधलेले आहेत, मला माफ कर," असं म्हणाला, आणि सात वर्षं दिली. विनापरवाना बंदूक रस्त्यावर बाळगली, तर किमान सात. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते असं. हा कायदा आला तेव्हा, आता गुंडांना वचक बसेल म्हणून, खुद्द दादांनी आनंदाने अख्ख्या दुकानाला चहा पाजला होता.

जेवणाची सुट्टी झाली. पाच न्यायमूर्ती उठले, तसं सगळं दालन उठलं.

*

कोर्टाच्या उपाहारगृहात दादांनी चार जणांचं टेबल धरलं होतं आणि चौथी खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली होती. त्यांची बहीण, म्हणजे भुंग्याची आत्या, सकाळी एकटीच आली होती. ती मागच्या बाकावर बसली होती आणि आता लांब खिडकीपाशी पाठ करून चहा पीत होती. बोलवायचं तर कसं, या विचारात दादा ताटलीतला भात नुसता चिवडत होते.

तेवढ्यात बेबी आली. बेबी ही आत्याची लेक. न्यायमूर्ती तिला 'विद्वान वकील' म्हणत होते, पण चाळिशी उलटली तरी घरात ती बेबीच होती. काळा कोट तिने खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मामा, मामी, नीट ऐका. सरकारकडून निरोप आलाय."

"कसला निरोप?"

"सकाळचे प्रश्न त्यांना झोंबलेत. आपण कायद्याविरुद्धचा अर्ज मागे घेतला, तर भुंग्याची उरलेली शिक्षा ते माफ करतील. आठवड्याच्या आत घरी."

वहिनींनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. दादांनी समोरची ताटली बाजूला सारली, कारण त्यांना हात टेकायला जागा हवी होती.

"मग अडलंय कुठं?" वहिनी म्हणाल्या. "जा ना! हो म्हणून ये!"

"मी हो म्हणू शकत नाही, मामी. अशील तो आहे. सुट्टी संपायच्या आत मला खाली जाऊन त्याला विचारायला लागेल. आणि दोन्ही बाजू सांगायला लागतील."

"दुसरी बाजू आहेच कुठली?" दादांनी विचारलं.

बेबी बसली. "आपण मागे हटलो तर कायदा जसाच्या तसा राहतो. त्याच्याखाली आत गेलेली शेकडो माणसंही तशीच राहतात. लढलो आणि जिंकलो तर कायदा पडतो. मग त्या प्रत्येकाची शिक्षा नव्याने ठरवावी लागेल, एकेकाला समोर उभं करून. आणि लढून हरलो, तर भुंगा उरलेली तीन वर्षं आत काढेल. सरकार पुन्हा दार उघडणार नाही."

"त्या शेकडो जणांच्या आया बघतील त्यांचं," वहिनी म्हणाल्या आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण शब्द काही त्यांनी मागे घेतला नाही.

"आणि जिंकायचं ते कशाच्या जोरावर?" दादा म्हणाले.

"घटनेत एक ओळ आहे. कुणालाही अमानुष शिक्षा होणार नाही. बस, तेवढीच."

"एवढ्याशा ओळीवर?"

"एवढ्याशा ओळीवर, मामा. पाच माणसं सकाळपासून तिच्याच भोवती बसली आहेत." बेबीने खुर्ची पुढे ओढली. "वीस वर्षं वकिली करतेय मी. आज पहिल्यांदा मला त्या खोलीत उभं राहायची भीती वाटली. चांगली भीती. एवढं लक्ष देऊन माझं बोलणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं."

"ते सगळं खरं," दादा म्हणाले. "पण हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची आपल्यात पद्धत नाही."

त्या शेकडो माणसांत 'तो' होता, हे तिघांनाही ठाऊक होतं. त्याचं नाव घरात कोणी घेत नसे. पाच वर्षांपूर्वी दोन माणसांचं गाडी लावण्यावरून भांडण झालं, त्यातल्या एकाने दुसऱ्याला धाक घालायला पिस्तूल काढलं आणि ते उडालं. रस्त्यापलीकडे बेबीचे वडील वर्तमानपत्र विकत घेत होते. जाणूनबुजून मारलं नाही म्हणून खुनाचा आरोप उभा राहिला नाही, 'तो' या कायद्याखालीच आत गेला. म्हणूनच बेबीने भुंग्याचं वकीलपत्र घेतल्या दिवसापासून आत्याने लेकीशी अबोला धरला होता. ज्या कायद्याने बापाच्या मारेकऱ्याला आत टाकलं, तोच पाडायला पोटची पोर निघाली, हे तिच्या गळी उतरत नव्हतं.

दादांना वाटलं, हे बरंच झालं. पोरगा घरी येईल, कायदा राहील, 'तो' आतच राहील, मायलेकींचा अबोला सुटेल. ते उठले, खिडकीपाशी गेले आणि बहिणीला टेबलाशी घेऊन आले. तिला खुर्ची दिली, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तर आता सगळ्यांच्याच मनासारखं होतंय."

आत्याने ऐकून घेतलं. मग तिने लेकीकडे बघितलं. वर्षभरात ती पहिल्यांदाच तिच्याशी बोलली.

"ती डावीकडची, वयाने लहान न्यायाधीश. ती सकाळी काय म्हणाली गं? मला मागे नीट ऐकू आलं नाही."

"कधी?"

"सरकारी वकिलाला म्हणाली ते. शिक्षा आधीच लिहून ठेवलेली असेल तर…"

"तर न्यायाधीशाने समोर बघायचं कशाला," बेबीने पुरं केलं.

"हां. तेच." आत्याने कप बाजूला ठेवला. "ह्यांचा खटला चालला तेव्हा मी सगळं पाठ करून गेले होते. न्यायाधीशाला सांगायचं म्हणून आरशासमोर उभी राहून बोलायचे. हे माणूस कसे होते ते सांगायचं होतं. रोज बाथरूमचा दिवा चालू ठेवायचे आणि रोज मी ओरडायचे. आता मीच तो रात्रभर चालू ठेवते. एवढंच सांगायचं होतं. तर तो न्यायाधीश म्हणाला, कायद्याने किमान सात ठरवलीत, मी सात देतो, पुढचा खटला घ्या. माझ्याकडे मान वर करून बघितलं सुद्धा नाही त्याने."

"आक्के…" दादा लहानपणी तिला लाडाने असं म्हणायचे.

"मला वाटायचं, सात म्हणजे चांगली जबर शिक्षा झाली. आज कळलं, कोणी काही ठरवलंच नव्हतं. तिकीट फाडून द्यावं तशी दिली. ह्यांच्या जिवाची किंमत कोणी हातात घेऊन बघितलीच नाही." ती बेबीकडे वळली. "कायदा पडला तर 'त्या'ला परत उभं करतील ना?"

"करतील. आणि तुझं ऐकतील. पण आई, त्याची शिक्षा कमी होऊ शकते. तुला आवडणार नाही इतकी कमी."

"होऊ दे. पण माझ्याकडे बघून होऊ दे."

वहिनींचा आवाज चढला. "वन्सं, माझा मुलगा आहे तो!"

"माहीत आहे, वहिनी."

"माहीत असून बोलवतं तरी कसं तुम्हाला?"

"दादाने विचारलं म्हणून बोलले. भुंगा माझ्या अंगाखांद्यावर वाढलाय. तो उद्या घरी आला तर दारात पहिली मी उभी असेन, आणि तुम्हाला कधी एका शब्दाने बोलणार नाही." आत्याचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. "मला काय वाटतं ते तुम्हाला कळावं, एवढंच."

दादा एकदा बायकोकडे आणि एकदा बहिणीकडे बघत राहिले. तिजोरी कितीही हट्टी असो, ती शेवटी कुठेतरी नमते हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. इथे कुठे कान लावावा तेच त्यांना समजेना.

बेबीने कोट उचलला. "कोठडीत माझ्याबरोबर घरचं एकच माणूस सोडतात. कोण येतंय?"

"मी," वहिनी म्हणाल्या आणि चालायलाही लागल्या.

जिन्यात त्यांनी बेबीचं मनगट धरलं. "तू तुझ्या दोन्ही बाजू सांग. पण वन्संचं ते मधे आणू नकोस."

"नाही आणणार," बेबी म्हणाली. "माझ्या आईचं मत ही कायद्याची बाजू नाही. ते त्याला सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

*

तळघरात वरचा आवाज येत नव्हता. सकाळपासून भुंग्याच्या कानावर फक्त पाण्याच्या नळांची घरघर आणि पहारेकऱ्याच्या बुटांचा आवाज होता. जाळीपलीकडे आई दिसली तसा तो उठून उभा राहिला.

बेबीताईने वकिलाच्या आवाजात सगळं सांगितलं. आठवड्याच्या आत घरी, हे ऐकल्यावर पुढचं त्याला पहिल्या खेपेला ऐकूच आलं नाही. पुन्हा सांगायला लावलं. दुकानाचं शटर कुठल्या बाजूने अडकतं आणि कुठे लाथ घालावी लागते, ते त्याला एकदम आठवलं. त्याच्या पायाला ती लाथ घालायची घाई झाली.

"वर कसं चाललंय?" त्याने विचारलं.

"अरे, काय सांगू तुला!" आई जाळीला चिकटली. "पाच न्यायाधीश. आणि सकाळपासून एका बाईबद्दल बोलतायत, जी नाहीच!"

"नाहीच म्हणजे?"

"नाहीच म्हणजे जन्मलीच नाही. उद्या समजा अशी कोणी निघाली, तिच्यावर अन्याय व्हायला नको, म्हणून आज एवढी मोठी माणसं हैराण झालीत. मी तर बघतच राहिले रे. मला वाटायचं कायदा म्हणजे पोलीस. त्याच्याही वर बसून कोणी एवढा विचार करत असेल, मला कधी ठाऊकच नव्हतं."

आईला असं बोलताना भुंग्याने कधी ऐकलं नव्हतं. तिचे गाल लाल झाले होते. तो हसला, आणि हसता हसता विचारून गेला, "आत्या आलीय?"

"आलीय."

"तिला सांगितलं हे? काय म्हणाली?"

बेबीताईने आपल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली.

आई काही सत्यवचनी बाई नव्हती. वसुलीवाला दारात आला की 'हे गावाला गेलेत' असं ती दादांच्या देखत सांगायची. खोटं बोलायच्या आधी ती घसा साफ करायची, सगळ्या घराला ते माहीत होतं. भुंगा त्याची वाट बघत राहिला. तिने जाळीत बोटं अडकवली होती आणि ती पांढरी पडली होती. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून त्याने बोटांकडे बघितलं.

"ती म्हणाली, लढावं," आई म्हणाली. घसा तिने साफ केला नाही. "तिला 'त्या'च्यासमोर पुन्हा उभं राहायचंय. त्याची शिक्षा कमी झाली तरी चालेल म्हणते, पण कोणीतरी तिच्याकडे बघून ठरवावी. तुझ्या आतोबांबद्दल तिला दोन वाक्यं बोलायची होती, ती बोलूच दिली नाहीत. तू घरी आलास तर ती कधी एक शब्द बोलणार नाही. हेही म्हणाली ती."

भुंगा बाकावर बसला.

"माझ्या वेळच्या न्यायाधीशाने माझ्याकडे बघितलं होतं," तो म्हणाला. "माफी सुद्धा मागितली माझी. आत मी त्याच्यावर काढले हे दिवस. एका माणसाला तरी कळलंय की मी चोर नाही. आत्याला तेवढंही मिळालं नाही."

"भुंग्या, तुझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही," बेबीताई म्हणाली. "वकील म्हणून सांगते, घरी जाणं ही शहाणपणाची गोष्ट आहे."

"जिंकू का आपण?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही. सकाळी वाटलं होतं की जिंकू."

त्याने आईकडे बघितलं. ती मान हलवत नव्हती, हो म्हणून नाही, नको म्हणूनही नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला जाळीतून बोटं काढायचं तिला सुचत नव्हतं.

"चालू ठेव, बेबीताई."

"विचार कर."

"केला. आता पटकन वर जा दोघी, नाहीतर माझं मन बदलेल."

*

आत्या मागच्या बाकावर बसली होती. दादा पुढे एकटेच होते आणि सारखे दाराकडे वळून बघत होते.

दार उघडलं. बेबी कोट सावरत सरळ वकिलांच्या जागेकडे गेली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना, ती लहानपणापासून तशीच होती. मागून वहिनी आल्या. दादांनी शेजारची जागा रिकामी केली होती, पण वहिनी तिकडे गेल्या नाहीत. त्या मागे आल्या आणि आत्याच्या बाकावर बसल्या. दोघींच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा राहिली.

आत्याला विचारायचा धीर झाला नाही.

पाच न्यायमूर्ती आले. सगळे उठले, बसले. मुख्य न्यायमूर्तींनी श्वास गोळा केला. "अर्जदारातर्फे काही निवेदन करायचं आहे, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं."

सरकारी वकील पेनाचं टोपण लावून, मागे रेलून बसला होता.

बेबी उभी राहिली. "नाही, माय लॉर्ड. अर्जदाराची विनंती एवढीच आहे, की त्यांचं म्हणणं पुढे ऐकून घ्यावं."

सरकारी वकिलाने टोपण काढलं. डावीकडची तरुण न्यायमूर्ती पुढे झुकली. दादांनी सोडलेला सुस्कारा मागच्या बाकापर्यंत आला. आत्याला वाटलं, आपण एखाद्या फार मोठ्या दारासमोर उभ्या आहोत आणि ते खरोखर हलतंय. आनंद व्हायला हवा होता. तिचा ऊर भीतीने भरून आला. तळघरात बसलेलं ते पोर तिला दिसायला लागलं.

तिने मधल्या जागेवरून सरकून वहिनींचा हात धरला.

"वहिनी," ती कुजबुजली, "अहो, त्याला कोणी सांगितलं माझं? त्याला घरी आणायचं होतंत ना!"

वहिनींनी समोरून नजर काढली नाही. पुढे बेबीने बोलायला सुरुवात केली होती आणि पाचही न्यायमूर्ती तिच्याकडे बघत होते.

"आणायचा होता तर," त्या म्हणाल्या, "मग खोटं बोलणारं कोणीतरी पाठवायचं होतंत खाली."